पायवाल्या ताईंच्या गाडीचा विमा

माझ्या आईच्या पायांना साखरेच्या आजारामुळे संवेदना उरलेली नाही. टाचणी टोचली तरी तिला कळत नाही. म्हणून तिची नखं घरच्या कुणी कापायची नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं आणि आमच्याकडे पायवाल्या ताई येऊ लागल्या. त्यांचं खरं नाव पावतीवर छापलेलं असतं, पण त्या नावाने हाक मारणारं मला तरी कुणी भेटलेलं नाही. म्हाताऱ्या माणसांची जाड झालेली नखं कापायची, कुरुपं काढायची, टाचांच्या भेगा घासून मऊ करायच्या, बोटांच्या बेचक्यात कुठे जखम लपली आहे का ते बघायचं, हे त्यांचं काम. घरोघरी जाऊन करायचं.

सामान पुष्कळ. घडीचं बुटकं स्टूल, रबरी टब, टॉवेलांची चळत, उकळून पाकिटात बंद केलेल्या पकडी आणि कानशी, कपाळाला बांधायचा दिवा. हे सगळं घेऊन बसने फिरणं त्यांनी एकदा करून पाहिलं होतं. टब एका माणसाच्या गुडघ्यावर आपटला आणि तो उतरेपर्यंत बोलत राहिला. त्यामुळे गाडी हवीच. करड्या रंगाची, जुनी घेतलेली, मागचं एक दार आतून न उघडणारी छोटी गाडी.

काम करताना ताई खाली बसतात, आईचा पाय मांडीवर घेतात आणि मान वर न करता बोलतात. समोरच्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही म्हणून असेल, पण त्या तिथे बसून जे सांगतात ते एरवी कुणाला सांगत असतील असं मला वाटत नाही. मी घरून काम करतो, माझं टेबल त्याच खोलीत आहे. आईला ऐकू कमी येतं, त्यामुळे ताईंना आवाज चढवून बोलावं लागतं. म्हणजे मी चोरून ऐकलं असं काही नाही.

ताईंचे मिस्टर लिफ्ट दुरुस्त करायचे. एकुलता एक मुलगा. लहानपणी तो हात मागे बांधून, पोट पुढे काढून घरभर पाहणी करत हिंडायचा, म्हणून बापाने त्याचं नाव साहेब ठेवलं आणि ते चिकटलं. साहेब गाडी शिकला, लायसन मिळालं, पॉलिसीत त्याचं नाव घातलं. नंतर एका सकाळी तो वडिलांना कामावर सोडायला निघाला. धुकं होतं. ताई म्हणाल्या होत्या, आज तुम्हीच चालवा. मिस्टर म्हणाले, "चालवू दे गं, अशातच सवय होते." वळणावर एक लॉरी बिघडून उभी होती, मागचे दिवे बंद. साहेबने ब्रेक मारला, गाडी घसरत गेली आणि वडील बसले होते ती बाजू लॉरीखाली शिरली. साहेबचं खांद्याचं हाड मोडलं. वडील जागच्या जागी गेले.

पोलिसांनी चूक लॉरीवाल्याची धरली. विमा कंपनीने थोडी साहेबचीही धरली, कारण धुक्याच्या मानाने वेग जास्त होता. हे सगळं ताईंनी आईच्या अंगठ्याचं नख कापता कापता सांगितलं, आणि मग म्हणाल्या, "हे नख आत वळतंय, पुढच्या वेळी लवकर येते."

त्या रडल्या नव्हत्या. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. नातेवाईक आले, त्यांच्या गळ्यात पडून रडले, आणि ताईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मोडक्या गाडीचे पैसे आले, त्यातून ही करडी गाडी घेतली, जुन्या पॉलिसीचे उरलेले महिने तिच्यावर चढवले आणि ताई कामाला लागल्या. साहेबने कॉलेज सोडलं. एका गोदामात माल मोजून उतरवून घ्यायची नोकरी धरली. तो बसने जायचा. करड्या गाडीच्या चालकाच्या जागेवर तो एकदाही बसला नाही, बाजूच्याही नाही. घरात दोघांचं बोलणं "जेवलास?" "हो." "दूध आहे?" "आहे." एवढ्यावर आलं होतं. टीव्ही लावायचे, आवाज बंद ठेवून.

"मला काही होत नाही हो," ताई एकदा आईला म्हणाल्या. "तुमच्या पायासारखं झालंय माझं. लागलंय हे दिसतं. कळत नाही."

आई म्हणाली, "मग सांभाळून राहा. अशा पायालाच जखम चिघळते."

ताई हसल्या. नुसतं तोंड हसलं.

पॉलिसी संपायच्या आधी एजंटचा फोन आला. हा एजंट मिस्टरांचा शाळेतला दोस्त. "वहिनी, नव्या वर्षाचा आकडा आलाय. जरा बसून ऐका."

ताई तेव्हा एका आजोबांच्या दारात उभ्या होत्या, एका हातात टब, काखेत स्टूल. म्हणाल्या, "बसलेय. सांगा."

आकडा गेल्या वर्षीच्या दुपटीहून जास्त होता. एवढा हप्ता भरायचा म्हणजे वर्षातले कित्येक महिने केवळ विम्यासाठी लोकांचे पाय धरायचे. ताई म्हणाल्या, "बरं," आणि आत जाऊन आजोबांचे पाय कोमट पाण्यात घातले. त्यांना धक्का बसला नाही. धक्का बसायला आत काहीतरी जागं असावं लागतं. पण गाडी गेली तर काम गेलं, एवढं त्यांना सरळ दिसत होतं.

एजंटचं ऑफिस गाद्यांच्या दुकानावर होतं. जिन्यात नव्या प्लास्टिकचा वास. एजंट ताईंच्या नजरेला नजर न देता चहा मागवत होता. चहा येऊनसुद्धा त्याने पुन्हा एकदा मागवला.

"कमी कसा करता येईल ते सांगा," ताई म्हणाल्या.

"करू की. चिल्लर मार्ग बरेच आहेत. हे बघा, काच फुटली तर वेगळं, गाडी बंद पडली तर ओढून नेणं वेगळं, दुरुस्तीला असेल तेव्हा दुसरी गाडी, ही सगळी जास्तीची शेपटं आपण लावलेली आहेत. त्यानेच लावून घेतली होती," एजंट म्हणाला आणि थांबला. "म्हणजे, तेव्हा."

"काढा. ओढून नेणं राहू दे. बाकी काढा."

"मग असं, की काही नुकसान झालं तर पहिला थोडा खर्च आपण सोसायचा. तो हिस्सा वाढवला की हप्ता उतरतो. पण मग बारीकसारीक खरचटलं तर कंपनीकडे जायचं नाही."

"दार उघडत नाही तरी मी कुठे गेलेय कुणाकडे?"

"गाडी रात्री कुठे असते?"

"रस्त्यावर. घरासमोर."

"बंद गॅरेज असतं तर सूट मिळाली असती. किती चालते वर्षाला?"

"मोजलं नाही."

"मोजा. कमी चालणाऱ्या गाडीचा दर वेगळा. आणि हप्ता तुकड्यातुकड्याने भरू नका, एकरकमी भरला तर स्वस्त." मग त्याने चहाचा कप बशीत नीट मधोमध ठेवला. "वहिनी, हे सगळं करून थोडं उतरेल. आकडा फुगलाय तो असल्या शेपटांमुळे नाही. तरुण चालक, नावावर अपघात, तोही असा. साहेबचं नाव काढलं की निम्म्यावर येईल. एका झटक्यात."

ताई म्हणाल्या, "विचार करते." त्या म्हणतात की त्यांनी विचार बिलकूल केला नाही. जिना उतरताना त्या फक्त गाद्या बघत होत्या.

त्यानंतर काही दिवस त्यांनी इतर कंपन्यांना फोन लावले. दोन घरांच्या मध्ये, गाडी कडेला उभी करून. सगळीकडे प्रश्न तेच. मागच्या पाच वर्षांत अपघात? एक. कुणाला इजा? एकाला इजा, एक मृत्यू. कोण चालवत होतं? मुलगा. पत्ता सांगावा तशी ही उत्तरं त्यांना पाठ झाली. एका कंपनीतली मुलगी नवीन असावी. तिने विचारलं, "मृत व्यक्ती आपल्या ओळखीची होती का?"

"माझे मिस्टर."

"सॉरी मॅडम. मला खरंच…"

"असू दे, बाळ. पुढचा प्रश्न विचार."

मुलीने चाचरत पुढचे प्रश्न विचारले. आकडा मात्र जुन्या कंपनीपेक्षाही वर गेला.

अशा वेळी सल्ला देणारी माणसं कुठून कुठून उगवतात. विमा स्वस्त करायचा उपाय सर्दीच्या उपायासारखा आहे, ज्याला त्याला एक ठाऊक असतो. माझ्या आईनेही दिला. म्हणाली, गाडीचा रंग बदल. पण सगळ्यांत पुढे होते ताईंचे दीर. भावजींनी इंटरनेटवरून काढलेल्या कागदांची गुंडाळी आणली आणि सोफ्यावर ऐसपैस बसून म्हणाले, "वहिनी, सोपं आहे. गाडी माझ्या नावावर करा. चालक मी. माझ्या नावावर तीस वर्षांत एक ओरखडा नाही. चालवा तुम्ही, कोण बघतंय?"

ताईंनी एजंटला फोन करून विचारलं. एजंट म्हणाला, "कोणी बघत नाही. ठोकली की सगळे बघतात. एक पैसा मिळणार नाही, वर फसवणुकीचा गुन्हा."

भावजी थोडे खट्टू झाले. मग पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले, "माझं गॅरेज आहे. पण त्यात सामान आहे."

सामान म्हणजे त्यांचा सबंध संसार होता. दोन दिवस खपून ते त्यांनी एकट्याने उपसलं. व्यायामाची सायकल विकली, जुनी कपाटं कुणाला तरी देऊन टाकली, भावाच्या लग्नातला बिछाना ठेवून घेतला. ज्या माणसाने आयुष्यभर नुसते सल्ले वाटले त्याने पहिल्यांदा जागा दिली, असं ताई म्हणाल्या. आता त्या रोज सकाळी भावजींच्या घरापर्यंत चालत जाऊन गाडी काढतात. भावजी दार उघडून देतात आणि रोज न चुकता टायरमधल्या हवेबद्दल बोलतात.

गाडी कमी चालावी म्हणून ताईंनी कामाचे वार बदलले. आधी ज्याला जेव्हा हवं तेव्हा जायच्या. आता एका दिशेची घरं एका दिवशी. त्याने म्हातारी मंडळी चिडली. आमचा मंगळवारचा शुक्रवार झाला, तर आई दोन आठवडे फुगून बसली होती. "माझ्या पायांना मंगळवारची सवय आहे," म्हणाली. ज्या पायांना काहीच कळत नाही, त्यांना वार कळतो हे मला नवीन होतं.

एवढं सगळं करून आकडा खाली आला, पण ताईंच्या आवाक्यात आला नाही. राहता राहिलं नाव.

ताईंनी ठरवलं, काढायचं. त्या म्हणतात, ते ठरवताना काही जड गेलं नाही. साहेब गाडीला हात लावत नाही, मग त्याच्या नावाचे पैसे कशाला भरायचे? कुणीही शहाणा माणूस हेच म्हणेल. जेवताना त्यांनी सांगितलं, "पॉलिसीतून तुझं नाव काढतेय. हप्ता निम्मा होतो."

"बरं," साहेब म्हणाला.

"तुला एका कागदावर सही करावी लागेल. ही गाडी मी चालवणार नाही, असं लिहून द्यायचं असतं."

"बरं."

एजंटकडून कागद आला. ताईंनी तो टेबलावर ठेवला, शेजारी पेन. साहेब गोदामातून आला, हात धुतले, उभ्याउभ्याच सही केली आणि पंच्याला हात पुसत आत जायला निघाला. कागदावर काय लिहिलंय ते त्याने वाचलंही नाही.

आणि ताईंना राग आला.

हे सांगताना त्यांनी पहिल्यांदा आईच्या पायावरून मान वर केली. "राग आला म्हणजे कळतं का तुम्हाला? दहा महिन्यांत मला भूकसुद्धा लागली नव्हती धड. आणि हा असा भाजल्यासारखा राग. कशाचा, तेच कळेना. मीच तर सांगितलं होतं सही कर म्हणून."

त्या म्हणाल्या, "वाच तरी."

"काय वाचायचंय? तू सांगितलंस की."

"कधीच चालवणार नाही, असं आहे त्यात."

"मग?"

"मग काय मग? इतकं पटकन?"

साहेब वळला. "आई, तूच म्हणालीस पैसे वाचतात. मी काय करू? नाही म्हणू?"

"मला काय माहीत? नाही म्हण, हो म्हण, काहीतरी म्हण. सगळ्याला बरं, बरं. मी भिंतीशी बोलते का?"

"तू तरी कुठे बोलतेस?" साहेबचा आवाज फुटला. "तू मला एकदा तरी विचारलंस, गाडी किती जोरात होती? सगळ्यांनी विचारलं. पोलिसांनी, कंपनीवाल्यांनी, काकाने. तू नाही."

ताईंनी खरंच विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि त्या उत्तराचं काय करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"तुला काय वाटतं?" साहेबने विचारलं. "मी चालवावी?"

"मला माहीत नाही," ताई म्हणाल्या.

तो खुर्चीवर बसला. दोघं त्या कागदाच्या दोन बाजूंना बसून राहिली. ताई म्हणतात, पुष्कळ दिवसांत त्या घरात बोललं गेलेलं ते पहिलं खरं वाक्य होतं. मला माहीत नाही.

कागद त्यांनी एजंटकडे नेला, पण दिला नाही. पिशवीत तसाच ठेवून विचारलं, "नाव न काढता अजून काही?"

एजंटने गाल फुगवून हवा सोडली. "एक कोर्स असतो. सुरक्षित चालकाचा. थोडे वर्ग, मग रस्त्यावर चालवून दाखवायचं. पॉलिसीत जेवढी नावं आहेत तेवढ्या सगळ्यांनी पास केला तर सूट. पण वहिनी, नाव काढण्याएवढी नाही."

"किती दिवस लागतात?"

"महिना तरी."

"मग जुनी पॉलिसी महिनाभर पुढे ओढता येईल?"

"येईल, पैसे पडतील."

"चालेल."

मी त्यांना विचारलं होतं, ताई, तुम्हाला त्याने पुन्हा गाडी चालवावी असं वाटत होतं का? त्या म्हणाल्या, "छे. मला ठरवायचं नव्हतं. कोर्समुळे ठरवणं महिनाभर लांबणीवर पडलं, एवढंच." साहेबलाही त्यांनी असंच सांगितलं. कोर्स कर, मग काढायचं तर काढू. साहेब "बरं" म्हणायला गेला आणि थांबून म्हणाला, "बघतो." दुसऱ्या दिवशी म्हणाला, "येतो."

शिकवणाऱ्या मॅडम ठेंगण्या होत्या. सीटवर उशी घेऊन बसायच्या आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. वर्गात दहाबारा जण, बहुतेक दंड झालेले, दोघं डिलिव्हरीवाले, एक आजी नातवाने धाडलेल्या. मॅडम फळ्यावर गाडी काढायच्या, ती नेहमी बुटासारखी दिसायची. ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला किती जागा लागते, धुक्यात किती, हे त्या शिकवत होत्या तेव्हा साहेब वहीत काही लिहीत नव्हता. ताई तिरक्या नजरेने बघत होत्या. तो फळ्याकडेही बघत नव्हता. पण उठून गेला नाही.

रस्त्यावरच्या फेरीला एका वेळी दोन शिकाऊ घ्यायचे, एक चालवणार, एक मागे. ताईंचा नंबर आधी लागला. मॅडमनी थोड्याच वेळात निकाल दिला. "ताई, तुम्ही आरशात बघतच नाही."

"वीस वर्षं चालवतेय मी."

"वीस वर्षं नशिबावर चालवताय. आणि तो हात गिअरवरून काढा, ते काय नातवंड आहे?"

मग साहेब पुढे बसला. सीट मागे घेतली, आरसा नीट केला, पट्टा लावला. हे सगळं त्याने इतकं सावकाश केलं की मॅडमनी दोनदा घड्याळात पाहिलं. किल्ली फिरवायच्या आधी त्याची नजर मॅडमच्या पायांकडे गेली. शिकवायच्या गाडीत बाजूच्या सीटखालीही पेडल असतं.

"तिकडे पण ब्रेक आहे?" त्याने विचारलं.

"असणारच. माझा जीव काय स्वस्त आहे?" मॅडम म्हणाल्या. "पण मी तो दाबला की तू नापास."

साहेब बराच वेळ त्या पेडलकडे बघत राहिला. मागे ताईही बघत होत्या. त्यांना आठवलं, मिस्टर बाजूला बसले की कुणीही चालवत असो, उजवा पाय पुढे रेटायचे. त्या हसायच्या त्यांना. लिफ्टमध्येसुद्धा ते तसे उभे राहतात, म्हणायच्या.

गाडी निघाली. साहेब चांगली चालवत होता, जरा हळू. दुकानांच्या रस्त्यावरून, पुलाखालून, शाळेच्या भिंतीच्या कडेने. मॅडम बोलत होत्या. भिंत संपते तिथे रस्ता वळतो, आणि वळणापलीकडे फर्निचरचा एक टेम्पो उभा होता. दिवसाढवळ्या, मागे लाल पट्ट्या, दोन माणसं कपाट उतरवतायत. खूप लांब होता. साहेबने गाडी थांबवली.

हळूच थांबवली, काही धक्का नाही. पण थांबवली आणि पुढे नेईना. बाजूने जायला मोकळी जागा होती. मागून हॉर्न सुरू झाले. मग लांबलचक हॉर्न. एक मोटारसायकलवाला काचेशी येऊन काहीतरी बोलून गेला.

मॅडम गप्प झाल्या. ताई म्हणतात, अख्ख्या कोर्समध्ये ती बाई गप्प झालेली त्यांनी तेवढीच पाहिली. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. फॉर्मवर फक्त "मागील अपघात: होय" एवढं होतं.

साहेबचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि मानेवर घाम. ताईंना वाटलं काहीतरी बोलावं. शेवटी मागच्या सीटवरून त्यांनी विचारलं, "त्या दिवशी किती जोरात होती रे?"

त्याने आरशात पाहिलं. आकडा सांगितला. फार मोठा नव्हता. त्या रस्त्याला ताई स्वतः तेवढ्याच वेगाने जात आल्या होत्या.

"बाबा म्हणाले होते, हळू घे," साहेब म्हणाला. "मी घेतच होतो. घेत होतो तेवढ्यात."

"बरं," ताई म्हणाल्या.

हॉर्न चालूच होते. मॅडमनी काच खाली केली, मागे हात दाखवून जोरात ओरडल्या, "थांबा की जरा, शिकतंय पोरगं!" आणि काच वर केली. मग साहेबला म्हणाल्या, "आरसा बघ. इंडिकेटर दे. जा." त्याने आरसा बघितला, इंडिकेटर दिला आणि टेम्पोच्या बाजूने, कपाट धरून उभ्या माणसांपासून भरपूर अंतर ठेवून गाडी नेली. मॅडमनी आपल्या बाजूच्या ब्रेकला पाय लावला नव्हता.

तरी त्याला नापास केलं. रस्त्यात विनाकारण थांबणे. ताई भांडायला गेल्या, तर मॅडम म्हणाल्या, "भांडू नका. पुढच्या आठवड्यात परत आणा. फी घेणार नाही." पुढच्या आठवड्यात तो पास झाला. ताईही काठावर पास झाल्या, आरशापायी.

एजंटने सगळं एकत्र मांडलं. गॅरेज, कमी किलोमीटर, काढलेली शेपटं, आपल्या माथ्यावरचा वाढीव हिस्सा, एकरकमी भरणा आणि दोघांचा कोर्स. हप्ता गेल्या वर्षीपेक्षा जास्तच राहिला, पण झेपण्याइतका. साहेबचं नाव पॉलिसीत आहे. सही केलेल्या त्या कागदाचं ताईंनी काय केलं, मी विचारलं नाही. नाव काढलं असतं तर पुष्कळ वाचले असते, हे एजंटने शेवटचं एकदा सांगून घेतलं. ताई म्हणाल्या, "हो, वाचले असते," आणि चेक लिहून दिला.

यात फार मोठं काही बदललं, असं मी म्हणणार नाही. ताई अजून रडलेल्या नाहीत. साहेब अजून गोदामात जातो आणि बसनेच जातो. घरी टीव्हीला आवाज असतो, एवढं त्यांनी मला सांगितलं, आणि कधीकधी दोघं कटकट करतात, भांड्यांवरून.

गेल्या शुक्रवारी ताईंना यायला उशीर झाला. त्या कधी उशिरा येत नाहीत. आई दर दोन मिनिटांनी मला खिडकीशी पाठवत होती. करडी गाडी केव्हाची खाली येऊन उभी होती, इंजिन बंद, पण कुणी उतरत नव्हतं. चालकाच्या जागी एक तरुण मुलगा बसला होता, काच खाली करून, काहीही न करता. बाजूच्या सीटवर ताई होत्या. मान एका बाजूला पडलेली, तोंड किंचित उघडं. मला आधी भीती वाटली. मग लक्षात आलं, त्या झोपल्या होत्या.

मुलाने वर पाहिलं. मी दिसलो तेव्हा त्याने ओठांवर बोट ठेवलं.

मी आईला सांगितलं, येतायत, थोडं थांब. आई म्हणाली, पाणी गार होईल. मी पुन्हा तापवलं.

ताई वर आल्या तेव्हा गालावर पट्ट्याचा वळ होता आणि केस एका बाजूने चपटे. "झोप लागली हो," त्या ओशाळून म्हणाल्या. "याने उठवलंच नाही."

"कोणी?" आईने विचारलं.

"मुलाने. आज सुट्टी होती त्याला. म्हणाला, मी नेतो."

"मग वर बोलवायचं की त्याला."

"नको म्हणतोय. बसलाय खाली." ताईंनी स्टूल उघडलं, टॉवेल पसरला आणि आईचा पाय मांडीवर घेतला. "आणि दार आतून उघडत नाही म्हणून तोच चिडचिड करतोय. म्हणतो, दुरुस्त करून घेतो. आणा बघू तो दुसरा पाय इकडे. हे काय, कुठे आपटून घेतलंत?"

आईला काहीच माहीत नव्हतं. ताईंनी कपाळावरचा दिवा लावला आणि खाली वाकल्या.